रिसायकलरव्ह्यूची यादी बॅकग्राउंड थ्रेडमधून बदलताना

अँड्रॉइडवर लांबलचक सरकती यादी दाखवणारा घटक म्हणजे रिसायकलरव्ह्यू. त्यातल्या यादीमुळे अ‍ॅप दोन तऱ्हांनी पडतं. पहिली तऱ्हा सरळ आहे. पडदा सांभाळणाऱ्या मेन थ्रेडऐवजी मागे काम करणाऱ्या बॅकग्राउंड थ्रेडवरून एखाद्या टेक्स्टव्ह्यूला (पडद्यावरच्या मजकुराला) हात लावला की ‘ओन्ली द ओरिजिनल थ्रेड दॅट क्रिएटेड अ व्ह्यू हायरार्की कॅन टच इट्स व्ह्यूज’ असं बजावून अ‍ॅप तिथल्या तिथे बंद होतं. स्टॅकट्रेसमध्ये, म्हणजे क्रॅशच्या वेळच्या फंक्शन-हाकांच्या यादीत, तुमचीच ओळ दिसते आणि पाच मिनिटांत दुरुस्ती होते. दुसरी तऱ्हा छळणारी आहे: ‘इनकन्सिस्टन्सी डिटेक्टेड. इनव्हॅलिड आयटम पोझिशन’. इथे स्टॅकट्रेसमध्ये तुमच्या कोडची बहुधा एकही ओळ नसते, सगळा रिसायकलरव्ह्यू आणि लेआउटमॅनेजरचा (ओळी मांडणाऱ्या भागाचा) पसारा. ऑफिसच्या वायफायवर हा क्रॅश येत नाही. नेट रखडत असलेल्या कुणाच्या तरी फोनवर, यादी जोरात सरकवताना येतो. पुढचं सगळं या दुसऱ्या तऱ्हेबद्दल आहे.

(फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे, मधे जोडचिन्हं टाकून लिहिली आहेत. कोडमध्ये ती सलग असतात.)

उदाहरणाला बाजार समित्यांचे कांद्याचे भाव दाखवणारी यादी घेऊ. एका ओळीत समितीचं नाव, वाण आणि क्विंटलचा भाव. सर्व्हरवरून दर काही सेकंदांनी नवे भाव येतात आणि वापरणारा त्याच वेळी यादी वरखाली करत असतो.

नेमकं कुठे फाटतं

मेन थ्रेडकडे कामांची एक रांग असते आणि लूपर त्यातलं एकेक काम उचलतो. बोटाचा स्पर्श हे एक काम, एका फ्रेमचं मोजमाप-मांडणी-रेखाटन हे एक काम, तुम्ही पोस्ट केलेला ब्लॉक हे एक काम. एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. सुरक्षितता मिळते ती या एका गोष्टीतून.

आता यादीत 40 ओळी आहेत आणि लेआउट सुरू झालं. रिसायकलरव्ह्यूने अ‍ॅडॉप्टरला (डेटा आणि पडद्यावरची यादी जोडणाऱ्या दुव्याला) गेट-आयटम-काउंट विचारून 40 हा आकडा स्वतःकडे टिपून ठेवला. ओळ 0, ओळ 1 असं करत तो 12 वर आला. नेमक्या त्या क्षणी बॅकग्राउंड थ्रेडने तीच अ‍ॅरेलिस्ट क्लिअर केली, कारण नवे भाव भरायचे होते. रिसायकलरव्ह्यूच्या हिशेबी अजून 40 ओळी आहेत, पण अ‍ॅडॉप्टरला पुन्हा विचारलं तर उत्तर येतं शून्य. दोन हिशेब जुळले नाहीत, अ‍ॅप पडलं. एररमध्ये पोझिशन, ऑफसेट आणि स्टेट असे तीन आकडे छापलेले असतात, ते वाचायची सवय लावा. स्टेट म्हणजे टिपून ठेवलेला आकडा. पोझिशन 12 आणि स्टेट 40 असेल, तर बारावी पोझिशन त्याच्या वहीत वैध होती आणि तुमच्याकडचा डेटा त्याला न सांगता घटला, हे तिथेच सिद्ध होतं.

क्लिअर आणखी थोडं उशिरा झालं, म्हणजे तपासणी होऊन गेल्यावर आणि ऑन-बाइंड-व्ह्यूहोल्डरमध्ये (ओळीत डेटा भरणाऱ्या फंक्शनमध्ये) यादीतली ओळ काढण्याच्या आधी, तर साधी इंडेक्स-आउट-ऑफ-बाउंड्स एक्सेप्शन येते. आजार तोच, नाव वेगळं.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: बॅकग्राउंडवर यादी बदलायची आणि फक्त नोटिफाय-डेटासेट-चेंज्ड (‘डेटा बदलला’ ही सूचना) रन-ऑन-यूआय-थ्रेडमध्ये (मेन थ्रेडवर चालवणाऱ्या ब्लॉकमध्ये) गुंडाळायचं. कोड वाचताना तो नीटनेटका वाटतो, पण यादी बदलण्याचा क्षण अजूनही बॅकग्राउंडवरच आहे. डेटा बदलणं आणि ते कळवणं या दोन्ही गोष्टी मेन थ्रेडवर, आणि रांगेतल्या एकाच कामात व्हायला हव्यात. डेटा एका पोस्टमध्ये बदलला आणि नोटिफाय दुसऱ्या पोस्टमध्ये केलं, तरी मधे एक फ्रेम घुसू शकते.

कुलूप (लॉक) लावून हे सुटत नाही. सिंक्रोनाइझ्ड लिस्ट किंवा कॉपी-ऑन-राइट-अ‍ॅरेलिस्ट घेतली तर एकेक वाचन सुरक्षित होतं. पण लेआउट म्हणजे ‘किती आहेत’ आणि ‘बारावी दे’ अशा अनेक प्रश्नांची माळ असते, आणि त्या माळेच्या मधे आकडा बदलणं कुलूप थांबवत नाही. पूर्ण लेआउटभर कुलूप धरावं म्हटलं तर मेन थ्रेड बॅकग्राउंडची वाट पाहत बसतो. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण 16.6 मिलिसेकंद मिळतात, 120 हर्ट्झवर 8.3. त्यात वाट पाहण्याची चैन परवडत नाही.

लिनिअर-लेआउट-मॅनेजरचा सबक्लास करून ऑन-लेआउट-चिल्ड्रनभोवती ट्राय-कॅच घालायचा, हा उपायही बराच फिरत असतो. त्याने क्रॅशचा आकडा खाली येतो, हे खरं. पण यादी अर्धी मांडलेली राहते, एखाद्या ओळीवर टॅप केलं की भलतीच उघडते, आणि मूळ चूक आता कुठल्याच अहवालात दिसत नाही. हे करू नका.

‘आमच्याकडे तर चालतं’

चुकीच्या थ्रेडची तपासणी प्रत्येक व्ह्यूवर, प्रत्येक वेळी होत नाही. ती व्ह्यूरूटइम्पल या सर्वांत वरच्या थरात बसलेली आहे आणि रिक्वेस्ट-लेआउटची हाक तिथवर पोचली तरच चालते. ऑन-क्रिएटमध्ये सुरू केलेला थ्रेड झटकन संपला, तर तेव्हा हा वरचा थर जोडलेलाच नसतो, म्हणून चूक पचून जाते. आधीच एखादं लेआउट मागितलेलं असेल तर हाक मधेच थांबते, पुन्हा चूक पचते.

त्याहून फसवं म्हणजे सेट-हॅज-फिक्स्ड-साइझ. ते खरं ठेवलं असेल, तर नोटिफाय-आयटम-इन्सर्टेडसारख्या कॉलनंतर रिसायकलरव्ह्यू लगेच लेआउट मागत नाही, पुढच्या फ्रेमसाठी काम रांगेत टाकतो. या वाटेवर थ्रेडची तपासणीच नाही. म्हणजे बॅकग्राउंडवरून नोटिफाय केलं तरी तात्काळ काहीच होत नाही आणि गोंधळ नंतर भलत्या ठिकाणी बाहेर पडतो. फिक्स्ड-साइझ चांगलंच आहे, ते काढू नका. त्याच्या भरवशावर ‘चूक असती तर क्रॅश आला असता’ असं मात्र म्हणू नका.

बांधणी

पडदा जी यादी वाचतोय तिला बॅकग्राउंडने कधीच हात लावायचा नाही. बॅकग्राउंडने नवी यादी घडवायची आणि पूर्ण झाल्यावर मेन थ्रेडच्या हवाली करायची. हवाली केल्यावर तिच्यावरचा हक्क सोडायचा.

ओळीचा डेटाक्लास आधी लिहा. सगळी फील्डं व्हॅल (न बदलणारी), व्हार (बदलता येणारं) एकही नको. त्यात स्थिर ओळखक्रमांक हवा. भावांच्या यादीत नुसता समितीचा कोड पुरत नाही: लासलगावला एकाच दिवशी लाल आणि उन्हाळी असा दोन्ही कांदा येऊ शकतो, मग एकाच ओळखीच्या दोन ओळी होतात. समितीचा कोड आणि वाण मिळून ओळख करा. भाव किंवा तारीख तिच्यात घालू नका, नाहीतर भाव बदलला की जुनी ओळ गेली आणि नवी आली असं समजलं जाऊन ओळ लुकलुकते.

अ‍ॅडॉप्टर लिस्ट-अ‍ॅडॉप्टरवरून घ्या. अँड्रॉइड स्टुडिओ आपोआप इम्पोर्ट करताना अँड्रॉइडच्या जुन्या विजेट पॅकेजमधला त्याच नावाचा इंटरफेस पुढे करतो. आपल्याला हवा तो रिसायकलरव्ह्यू पॅकेजमधला क्लास. मग डिफ-युटिलचा (दोन याद्यांतला फरक काढणाऱ्या साधनाचा) आयटम-कॉलबॅक लिहायचा. त्यात आर-आयटम्स-द-सेम फक्त ओळख ताडतो आणि आर-कन्टेन्ट्स-द-सेम पूर्ण डेटाक्लास दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडतो. वाटलं तर गेट-चेंज-पेलोडमधून ‘फक्त भाव बदलला’ अशी खूण परत द्या आणि पेलोडवाल्या ऑन-बाइंडमध्ये तेवढाच मजकूर बदला. पेलोड असला की नेहमीचा अ‍ॅनिमेटर तोच व्ह्यूहोल्डर (ओळीचा पडद्यावरचा साचा) वापरतो, त्यामुळे दर पाच सेकंदांनी ओळी विरघळून पुन्हा उमटत नाहीत. भावांच्या यादीत हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

त्यानंतर अ‍ॅडॉप्टरला यादी द्यायचा एकच मार्ग उरतो: सबमिट-लिस्ट. जुन्या-नव्या यादीतला फरक काढायचं काम तो स्वतःच्या बॅकग्राउंड थ्रेडवर करतो आणि निकाल मेन थ्रेडवर लागू करतो. मधे तुम्ही आणखी यादी दिली तर आधीचा निकाल टाकून दिला जातो. मात्र सबमिट-लिस्टची हाक मेन थ्रेडवरूनच मारा. कितवी यादी आली हे मोजणारा त्याच्या आतला आकडा कुलपाविना वाढतो. शिवाय आधी यादी नसेल, किंवा नवी यादी नल असेल, तर फरक काढायची गरज नसल्याने तो हाक मारणाऱ्याच थ्रेडवर लगेच बदल करून मोकळा होतो.

इथे माणसं तीन ठिकाणी अडकतात.

‘यादी बदलली पण पडदा बदलत नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. त्याच म्युटेबल लिस्टमध्ये ओळ घालून तीच पुन्हा सबमिट केली, तर संदर्भ तोच असल्याने सबमिट-लिस्ट काही न करता परततो. टू-लिस्टने प्रत करून द्या. पण प्रत उथळ असते: आतल्या ओळीचा भाव जागच्या जागी बदलला असेल, तर जुन्या आणि नव्या यादीत वस्तू तीच, तुलना स्वतःची स्वतःशी, उत्तर ‘काही बदललं नाही’. म्हणून ओळ बदलायची तर कॉपी फंक्शनने नवी करायची. व्हार नको म्हटलं ते यासाठी.

दुसरं, सबमिट केल्यावर त्या यादीत मेन थ्रेडवरूनही फेरफार करू नका. फरक काढणारा थ्रेड ती तेव्हा वाचत असतो. अ‍ॅडॉप्टरच्या करंट-लिस्टवर न बदलण्याचं वेष्टण असतं, पण तुमच्या हातातला मूळ संदर्भ मोकळाच राहतो.

तिसरं, सबमिट-लिस्टच्या पुढच्याच ओळीत करंट-लिस्ट विचारली तर बहुतेकदा जुनीच मिळते. नव्या ओळीपर्यंत स्क्रोल करायचं असेल तर ते सबमिट-लिस्टच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये, म्हणजे कमिट-कॉलबॅकमध्ये टाका.

फरक काढायला किती वेळ लागतो? डिफ-युटिल यूजीन मायर्सची पद्धत वापरतो. त्याच्या अधिकृत माहितीत नेक्सस 5एक्सवरचे सरासरी आकडे दिले आहेत: 100 ओळींत 10 बदल असतील तर 0.39 मिलिसेकंद, 1000 ओळींत 200 बदल असतील तर 27.07, ओळींची हलवाहलव शोधणं बंद केलं तर हेच 13.54. थोडक्यात, हजार ओळींचा क्रम उलथापालथ झाला तर मेन थ्रेडवर एक-दोन फ्रेम सहज बुडाल्या असत्या. वीस ओळींच्या सेटिंग्जच्या यादीला यातलं काही लागत नाही. तिथे मेन थ्रेडवर यादी बदलून सरळ नोटिफाय करा.

डेटा आणणारी बाजू

कोटलिनमध्ये व्ह्यूमॉडेलचा (पडद्याचा डेटा सांभाळणाऱ्या क्लासचा) व्ह्यूमॉडेल-स्कोप मुळात मेन थ्रेडवरच चालतो. तेवढं लक्षात ठेवलं की बाकीचं सोपं: अडवणारं काम विथ-कॉन्टेक्स्टने आयओ डिस्पॅचरवर (डिस्पॅचर म्हणजे थ्रेडांचा संच), वर्गवारी-गाळणी-फॉर्मॅटिंग डिफॉल्टवर, आणि ब्लॉक संपला की आपण आपोआप मेनवर परत. आयओकडे 64 किंवा कोरांच्या संख्येइतके, यांतले जास्त असतील तितके थ्रेड असतात. डिफॉल्टकडे कोरांइतके, किमान 2. नेटवर्कची वाट पाहणारं काम डिफॉल्टवर टाकलं तर ते मोजके थ्रेड अडून बसतात आणि वर्गवारीही थांबते.

फॉर्मॅटिंग बॅकग्राउंडवर नेताना एक जुनी खोड आडवी येते. सिंपल-डेट-फॉरमॅट आणि डेसिमल-फॉरमॅट थ्रेडसेफ नाहीत. एकच वस्तू कंपॅनियनमध्ये (क्लासच्या सामायिक जागेत) ठेवून दोन थ्रेडांनी वापरली, तर क्रॅश न होता चुकीची तारीख किंवा भलताच आकडा छापला जाऊ शकतो. भावाच्या यादीत हे क्रॅशपेक्षा वाईट. तारखेसाठी जावा-टाइममधला डेट-टाइम-फॉर्मॅटर घ्या. आकड्यांसाठी प्रत्येक वेळी नवी वस्तू करा.

व्ह्यूमॉडेलमधून स्टेटफ्लो (ताजं मूल्य धरून ठेवणारा प्रवाह) बाहेर द्या, त्यात पूर्ण यादी ठेवा. स्टेटफ्लो जुनं-नवं मूल्य इक्वल्सने ताडतो, त्यामुळे तीच म्युटेबल यादी बदलून पुन्हा घातली तर इथेही कुणाला पत्ता लागत नाही. दोन ठिकाणांहून बदल येत असतील, समजा सॉकेटवरून भाव आणि वापरणाऱ्याने लावलेली खूण, तर ‘मूल्य वाचा, बदला, परत ठेवा’ असं हाताने करू नका. दोन थ्रेड एकाच वेळी वाचतील आणि एकाचा बदल गडप होईल. अपडेट फंक्शन वापरा. मधे मूल्य बदललेलं आढळलं तर ते पुन्हा प्रयत्न करतं. त्याचा ब्लॉक दोनदा चालू शकतो, म्हणून त्यात नेटवर्कची हाक वगैरे टाकू नका.

पूर्ण यादीच पाठवा, ‘अमकी ओळ वाढवा’ असे तुकडे नकोत, याला ठोस कारण आहे. स्टेटफ्लो मधली मूल्यं गाळतो. लाइव्हडेटाचं पोस्ट-व्हॅल्यूही तसंच: मेन थ्रेड मोकळा होण्याआधी चार वेळा पोस्ट केलं तर शेवटचंच पोचतं. पूर्ण यादी असेल तर हा फायदाच आहे, तुकडे असतील तर तीन तुकडे कायमचे हरवतात. सॉकेटवरून सेकंदाला पन्नास भाव येत असतील तर सॅम्पल ऑपरेटरने 250 ते 500 मिलिसेकंदांत एकदाच यादी सोडा. त्याहून वेगाने आकडे कुणी वाचत नाही.

फ्रॅगमेंटमध्ये (पडद्याच्या एका भागात) ही मूल्यं गोळा करताना व्ह्यू-लाइफसायकल-ओनर आणि रिपीट-ऑन-लाइफसायकल, स्टेट स्टार्टेड. फ्रॅगमेंटच्या स्वतःच्या लाइफसायकल-स्कोपमध्ये नुसतंच गोळा केलं तर व्ह्यू नष्ट झाल्यावरही गोळा करणं चालू राहतं आणि नल झालेल्या बाइंडिंगवर अ‍ॅप पडतं.

शोधपेटी असेल तर उत्तरं उलट क्रमाने येऊ शकतात: ‘ला’चं उत्तर ‘लासल’च्या उत्तरानंतर. थ्रेड बरोबर, यादी चूक. फ्लॅटमॅप-लेटेस्टने आधीची विनंती रद्द होते.

जावाचा जुना प्रकल्प असेल तर एक्झिक्युटरवर काम आणि मेन लूपरच्या हँडलरवर पोस्ट, एवढंही पुरतं. एसिंकटास्क अँड्रॉइड 11 पासून, म्हणजे एपीआय 30 ला, डेप्रिकेट झाला. नव्या कोडमध्ये आणू नका.

मेन थ्रेडवर असूनही

‘कॅनॉट कॉल धिस मेथड व्हाइल रिसायकलरव्ह्यू इज कम्प्युटिंग अ लेआउट ऑर स्क्रोलिंग’ ही एरर थ्रेडची वाटते, पण ती बहुधा मेन थ्रेडवरच येते. नेहमीचा गुन्हेगार चेकबॉक्स: ऑन-बाइंडमध्ये त्याची स्थिती लावली की त्याचा लिसनर (स्थिती बदलल्यावर चालणारं फंक्शन) चालतो आणि लिसनर नोटिफाय करतो. आधी लिसनर नल करा, स्थिती लावा, मग लिसनर परत जोडा.

चित्रांचंही पाहा. ओळीसाठी चित्र मागवलं, ते येईपर्यंत व्ह्यूहोल्डर दुसऱ्या ओळीला दिला गेला, आणि चित्र चुकीच्या ओळीत बसलं. ग्लाइड किंवा कॉइल हे सांभाळतात. हाताने करत असाल तर इमेजव्ह्यूवर पत्ता टॅग म्हणून लावा आणि चित्र बसवण्याआधी तो ताडा. टॅपच्या लिसनरमध्ये ऑन-बाइंडमधली पोझिशन धरून ठेवू नका. बाइंडिंग-अ‍ॅडॉप्टर-पोझिशन विचारा, आणि ती उणे 1 आली तर काहीच करू नका.

कम्पोज आणि आयफोन

जेटपॅक कम्पोज या अँड्रॉइडच्या नव्या यूआय साधनात म्युटेबल-स्टेट-लिस्टमध्ये बॅकग्राउंडवरून लिहिता येतं, पण क्लिअर आणि अ‍ॅड-ऑल हे दोन वेगळे बदल आहेत. मधे रिकामी यादी चमकून जाऊ शकते. इथेही न बदलणारी यादी स्टेटफ्लोमधून देणंच बरं. लेझीकॉलमला (कम्पोजमधल्या यादीला) ‘की’, म्हणजे ओळीची ओळख, द्या, आणि ती अनन्य ठेवा: दुहेरी की आली तर कम्पोज सरळ क्रॅश होतो. लासलगावचे दोन कांदे इथे लगेच उघडे पडतात.

आयओएसवर दुखणं तेच आहे. यूआय-टेबलव्ह्यूत डेटा बदलणं आणि इन्सर्ट-रोज मेन क्यूच्या एकाच ब्लॉकमध्ये हवं, नाहीतर ‘इनव्हॅलिड नंबर ऑफ रोज’ म्हणत अ‍ॅप पडतं. आयओएस 13 पासूनचा डिफेबल डेटासोर्स घ्या. त्याचं अप्लाय बॅकग्राउंड क्यूवरूनही चालतं, फक्त कधी मेन, कधी बॅकग्राउंड अशी सरमिसळ नको.

चूक मुद्दाम घडवून पाहणं

फट काही मायक्रोसेकंदांची असते, म्हणून ती रुंद करा. डीबग बिल्डमध्ये यादी क्लिअर करणं आणि नवे भाव भरणं यांच्या मधे बॅकग्राउंड थ्रेडला 300 मिलिसेकंद झोपवा, दर सेकंदाला ताजे भाव मागवा आणि बोटाने यादी झपाट्याने वरखाली करा. जुना कोड थोड्याच वेळात पडायला हवा. बदललेल्या कोडमध्ये तीच झोप नवी यादी घडवताना, सबमिट-लिस्टच्या आधी घाला: भाव उशिरा दिसतील, दुसरं काही होणार नाही. यादीला हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर मेनथ्रेड आणि आणणाऱ्यावर वर्करथ्रेड हे अ‍ॅनोटेशन लावून ठेवा, म्हणजे बऱ्याचशा चुकीच्या हाका लिंट (कोड तपासणारं साधन) कोड लिहितानाच दाखवतो. लॅम्डामधून गेलेल्या हाका त्याच्या हातून सुटू शकतात. त्यांच्यासाठी फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘चालू लूपर मेन लूपरच आहे ना’ अशी तपासणी घाला, आणि ती फक्त डीबग बिल्डमध्ये अ‍ॅप पाडेल अशी ठेवा.